अंड्यापुरतं कडवं

सोमवार, ता. ४

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी असणारच, कारण कुरकुर करायला बळ लागतं. मी मात्र बदनाम झालो आहे.

माझं रविवारचं अंडं तुला ठाऊक आहे. आठवडाभर पथ्य, आणि रविवारी ते एक अर्धकच्चं सुख. आईच्या शिस्तीप्रमाणे मी ते नावाड्याच्या कवितेवर उकडतो. पाणी खळखळलं की पहिली ओळ, सावकाश, चालीवर. सहावं कडवं संपलं की गॅस बंद. काल सहावं कडवंच आठवेना. म्हटलं, ओघात येईल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरली. असं नऊदा झालं. पाणी आटलं, भांडं करपलं, अंडं फटकन फुटलं आणि खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य धूर बघून टॉवेलवरच धावत आला. जन्मभर लोकांच्या जबड्यात डोकावणाऱ्याला कवितेचं काय! त्यानं थेट माझ्या लेकीला फोन केला.

आता लेकीचा हुकूम असा, की येत्या रविवारी तिच्यादेखत एक अंडं नीट उकडून दाखवायचं. नाही जमलं तर ती शेगडी उचलून नेणार आणि मला दोन्ही वेळचा डबा लावणार. जावयानं एक टिकटिकणारं प्लास्टिकचं यंत्र पाठवलंय. ते केकाटलं की अंडं काढायचं म्हणे. मी त्याला कपाटात कोंडलं.

डबा लागला की माणूस संपला, ताई. रद्दीवाल्याकडून शाळेचं जुनं पुस्तक मिळवलं, तर छापणाऱ्या गाढवांनी पाचच कडवी छापलीत. सहावं तुला येतं. उलट टपाली पाठव.

लोभ असावा, करपू नये.
तुझा धाकटा

गुरुवार, ता. ७

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ., त्यातले निम्मे हातचे राखून.

पत्र वाचून हसले, मग हे ध्यान माझ्याच पाठचं म्हणून लाज वाटली. शहात्तर वर्षांचा घोडा, आणि गॅससमोर गात उभा! दंतवैद्याचे पाय धर, टॉवेलवर असला तरी.

आणि छापणाऱ्यांना गाढव म्हणू नकोस, ती पदवी घरातच राहू दे. कविता पाचच कडव्यांची आहे. आपल्याकडे घड्याळ नव्हतं आणि पाच कडव्यांत अंडं पातळच राही, म्हणून सहावं आईनं जोडलं. तू ते वर्गात म्हटलंस, मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं, रडत घरी आलास. पण पुस्तक उघडून पाहिलं नाहीस. ही तुझी काव्यभक्ती!

घे:

थांब जरा रे नावाड्या तू, घाई कसली झाली?
काठावरती माझी पोरं अजून नाही आली.

पुढच्या दोन ओळी नुसतं ‘हो हो रे’ आहे. आईला तेवढंच सुचलं.

गळा काढू नकोस, आणि ते यंत्र कपाटातून सोडव.

लोभ मागू नकोस, आहे तो पुरवून वापर.
ताई

सोमवार, ता. ११

ती. ताईस,
शि. सा. न., आज मान जरा जास्तच खाली.

नापास झालो. लेक मनगटावरच्या घड्याळाला डोळे लावून, जावई दारात पंचासारखा, आणि शेजारधर्म म्हणून दंतवैद्यही हजर. या खेपेस कपडे घालून. यंत्राला मी हात लावला नाही. पाच कडवी झरझर गेली. सहावं धरलं, ‘माझी पोरं’पर्यंत आलो आणि थांबलो.

इतकी वर्षं मी ते कुणा थोर कवीचं समजत होतो. सामानाच्या यादीपलीकडे आईला काही लिहिताना मी पाहिलं नाही. ती पदराला हात पुसत यमक जुळवत असेल, आणि आपण दोघं वाट्या घेऊन बसलेले. पुढे किती वेळ गेला, कळलं नाही. गॅस लेकीनं बंद केला. अंड्याची गोटी झाली होती. तिनं हळूच विचारलं, बाबा, आठवलं नाही का? मी म्हटलं, आठवलं म्हणूनच.

जावयाला यातलं काय कळणार! तो शेगडी गाडीत ठेवून मोकळा. ती गोटी दंतवैद्यानं मिटक्या मारत खाल्ली आणि झकास झालंय म्हणाला. दातांचं कळतं, जिभेचं नाही. आज डबा आला. त्याविषयी न लिहिलेलं बरं.

उरलासुरला लोभ असू दे.
तुझा नापास

गुरुवार, ता. १४

चि. ठोंब्यास,
आज आशीर्वाद पुरते.

रडगाणं पोचलं. लेकीनं बरोबर केलं, तसं मी तिला कळवलंय. हेही कळवलंय, की दर रविवारी सकाळी तिनं तुला माझ्या दारात आणून टाकावं. शेगडी माझी, अंडं माझं, बटणावर हातही माझाच. तुझं काम फक्त म्हणायचं. ‘माझी पोरं’पाशी अडलास तर पुढचं मी ओढीन, ऐंशीची असले तरी माझा घसा तुझ्यासारखा हळवा नाही. घड्याळ लावीनच, कारण तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

मीठ मात्र पुडीत बांधून खिशातून आण. डॉक्टरानं माझ्या घरातून ते हद्दपार केलंय, आणि रविवारी मला चिमूटभर हवंय. लेकीला बोललास तर दारातूनच परत पाठवीन.

वाट बघत नाही, पण ये.
ताई