दोन जनी

१४ जानेवारी १९५७, पनवेल

पोचलो एकदाचा! रेवदंड्याहून निघताना बाबांनी दहा वेळा बजावलं होतं, पण पेटीही हरवली नाही आणि मीही नाही. डॉ. टिपणिसांचा दवाखाना बाजाराच्या तोंडाशीच आहे. समोर सुक्या मासळीची दुकानं, त्यामुळे औषधांचा वास नाकापर्यंत पोचतच नाही. डॉक्टर बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण माझं अक्षर पाहून म्हणाले, निसीम, आजपासून रजिस्टर तुझं. राहायची सोय झिल्पामावशींकडे आहे. त्यांनी आल्या आल्या नारळाच्या रसातलं कालवण वाढलं आणि आमच्या नात्यातल्या सगळ्यांची चौकशी केली. कंपाउंडर म्हणून ही पहिली नोकरी. बरं वाटतंय.

२३ जानेवारी

आज गंमत झाली. एकाच सकाळी दोन जनी म्हात्रे! एक कामोठ्याची, मिठागरात काम करणारी, तिशीची, दोन लहान मुलींची आई. दुसरी कळंबोलीची, पन्नाशीची विधवा, बाजारात भाजी विकते. दोघींना मिश्रीची सवय, दोघींच्याही गालाच्या आत जखम. डॉक्टरांनी दोघींच्या जखमेचा बारीक तुकडा काढून मुंबईला तपासणीला पाठवला. बाहेर माणसांची ही गर्दी. मी तुकड्यांच्या बाटल्यांवर अकरा आणि बारा असे आकडे घातले, गावं नंतर सवडीने रजिस्टरात भरली. कळंबोलीची जनी मोठी थट्टेखोर. एवढ्या गोऱ्या पोराचं लग्न कसं झालं नाही, म्हणून मला सगळ्यांदेखत विचारलं.

५ फेब्रुवारी

मुंबईहून दोन कागद आले. बारा नंबर स्वच्छ. अकरा नंबर कॅन्सर. रजिस्टरात अकरापुढे कामोठे.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, तुळशीरामला, आत बोलावून सांगितलं. मुंबईला नेलं तर उपचार होतील, पण तिला यातलं काही कळता कामा नये. कळलं की माणूस खचतो, असं त्यांचं म्हणणं. मलाही तशी ताकीद मिळाली. कळंबोलीच्या जनीला काही झालेलं नाही असं कळवलं. ती खुशीत उरणला मुलीकडे गेली.

६ फेब्रुवारी

डॉक्टर व्हिजिटला गेले असताना कामोठ्याची जनी एकटीच आली. बाकावर न बसता सरळ टेबलापाशी आली.

"दादा, समदी मना बघून गप बसतान. खरा काय हाय ता सांग."

मला आई आठवली. तिच्या पोटात कॅन्सर होता आणि आम्ही शेवटपर्यंत अल्सर म्हणत राहिलो. शेवटच्या आठवड्यात ती आमच्याकडे नुसती बघत राहायची. तिला कळलं होतं, आणि कोणाशी बोलायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

मी जनीला सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. उपचार आहेत हेही सांगितलं, पण ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पदर तोंडाशी धरून निघून गेली. मी योग्य तेच केलं. डॉक्टरांना मात्र बोललो नाही.

१५ फेब्रुवारी

तुळशीराम येऊन गेला. जनी मिठागरावर जात नाही. मुलींना जवळ येऊ देत नाही, स्वतःचं ताट वेगळं मांडते. मुंबईला यायला तयार नाही. तांदळाची पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही म्हणते. तिला कळलं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी बाटल्या पुसत राहिलो.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांबरोबर कामोठ्याला गेलो. तेरा दिवसांत बाई निम्मी झाली आहे. जबडा घट्ट मिटलेला. डॉक्टरांनी कसाबसा उघडला, टॉर्च मारली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

जखम भरली आहे. व्रणसुद्धा नाही.

येताना टांग्यात ते एवढंच म्हणाले, की कॅन्सर असा भरत नाही.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांच्या हातचे जुने कागद काढले. मुंबईचा अकरा नंबर म्हणतो, उजवा गाल. डॉक्टरांच्या टिपणात कामोठ्याच्या जनीची जखम डाव्या गालात. गावं मी उलटी लिहिली. चूक माझी. सुरेख, वळणदार अक्षरातली.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांना सगळं सांगितलं, तिला मीच बोललो तेही. ते ओरडले नाहीत. टोपी घातली आणि कामोठ्याला निघाले. कागद दाखवून तिला समजावलं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती हसली. आवाज जेमतेम उरला होता.

"मरनाऱ्या मानसाला समदी असाच सांगतान. तू येकदा खरा बोललास. आता तू पन?"

कळंबोलीला निरोप धाडला. दुसरी जनी उरणहून आलेली नाही. तिच्या मुलीचं घर कोणाला ठाऊक नाही.

२७ फेब्रुवारी

आवाज पुरता गेला. बोटाने दाखवते — गालात काहीतरी हलतंय. डॉक्टर तुळशीरामला तिचं तोंड उघडून दाखवतात. काही नाही. तो मान डोलावतो. विश्वास ठेवत नाही.

तिने माझा हात धरून आपल्या गालावर नेला. बोटाखाली — क्षणभर —

नाही. काही नव्हतं. काही असणं शक्यच नाही.

४ मार्च

जनी गेली. पाण्याचा थेंबही घेतला नाही.

५ मार्च

तुळशीराम आला. शिव्या देईल, मारेल, असं वाटलं होतं. मारायला हवं होतं. त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, डॉक्टर मोठे, पण ते खोटं बोलले. माझ्या जनीशी खरं बोललात ते तुम्ही एकटे.

मी हात सोडवून घेतले नाहीत.

७ मार्च

जेवण जात नाही. मावशी विचारतात. काय सांगू. जीभ सारखी डाव्या गालाकडे — आरशात बघितलं. काही नाही. पुन्हा बघितलं.

९ मार्च

कळंबोलीची जनी आली आहे. बाकावर बसली आहे. डॉक्टर आपटा गावी व्हिजिटला गेलेत, संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत. कामात आहे असं दाखवायला हे लिहितो आहे.

अंगाने भरली आहे. उरणच्या नातवाबद्दल सांगते आहे. हसली तेव्हा दिसलं — उजव्या गालात — केवढं मोठं — तिला पत्ताच नाही. आजच मुंबईला नेलं तर कदाचित —

नाही सांगितलं तर ही त्याने मरेल. सांगितलं तर — हीही त्या जनीसारखीच —

कामोठ्याच्या जनीचं तिच्या कानावर आलंय. थट्टा नाही आता. म्हणते, "त्या जनीला तू सांगलास. मंग माजा पन सांग."

उठली. टेबलापाशी उभी आहे. मी वर बघत नाही. तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. म्हणते, घाबरू नको पोरा, मी काय तशी नाय, मी ऐकून —