चौदा नंबरची पट्टी

३ मार्च
टेम्पोतून होडीचं लाकूड आलं! आमच्या सास्तूर गावात म्हैस बुडंल एवढं पाणी न्हाय, अन् दारात होडी. शिडाची, जुनी. ती हाय मुंबईच्या गोदीत, आतल्या सागवानी पट्ट्या तेवढ्या इथं. बसू, माझा लेक, तिथं सुतार, पट्ट्या घेऊन आलाय. म्हणतो, "अव्वा, समुद्रावर वार्निश वाळतच न्हाय. गावाकडं दोन दिवसात खडखडीत." म्या म्हणलं, सुताराची बायको हाय म्या, पॉलिशपेपर आण इकडं.

६ मार्च
घासून बोटं सोलली. नात दीपमाला म्हणती, "आज्जे, गालावर फिरव की जरा." म्हणलं, आधी तुझ्या आईच्या जिभेवर फिरवते!

९ मार्च
चौदा नंबर. डोलकाठी, म्हणजे शिडाचा खांब, होडीत उतरते तिथली पट्टी. पुढून ठीक. मागून काळी. दाभण टोचलं — बोटभर आत गेलं!
बसू म्हणला, "शोभेची पट्टी, अव्वा. भुसा-सरस भरतो, वर वार्निश. वीस तारखेला मालक बायको-लेकरं घेऊन समुद्रात निघणार. आता होडी उघडा म्हणलं तर माझं काम जाईल."
पट्टी आपोआप कुजत न्हाय. तिच्या मागचं कुजलंय. त्यालाबी कळतं.

१० मार्च
घरभर सरसाचा वास. जेवण गेलं न्हाय.

११ मार्च
कुणाला बोलले न्हाय, इथं लिहिते.
भूकंपाच्या साली माझ्या लेकीला, महेश्वरीला, बघायला पाहुणे येणार होते. मधघरातला खांब वाळवीनं पोकळ. अप्पा, माझा नवरा, उमरग्याला कामावर. म्या पोकळीत भुसा-सरस दाबला, वर जवसाचं तेल चोळलं. आरशागत! पाहुण्यांनी हात फिरवून वाखाणला. अप्पांना सांगणार होते — आज, उद्या. तेवढ्यात भूकंप. वरचं मातीचं माळवद खाली आलं. खाली महेश्वरी.
सगळं गावच पडलं, लोक म्हणत्यात. पण पलीकडच्या खोलीतला खांब उभा होता. म्या बघितलाय.
अप्पा मरेपर्यंत म्हणायचे, "माझ्या हातचा खांब." म्या ऐकून घेतलं. एवढं तोंड माझं, तिथंच बंद.

१२ मार्च
बसूनं चौदा नंबर भरून वार्निश मारलं. कुठं कुजकी होती, मलाबी सापडंना. भिंतीला उभी हाय. तिच्याकडं पाठ करून बसवत न्हाय.

१४ मार्च
उद्या टेम्पो येणार होता. पटाशी घेतली, चौदा नंबर फोडली.
"अव्वा, येड लागलं काय!"
मग सांगितलं. खांबाचं, महेश्वरीचं, सगळं. रडले न्हाय.
बसूनं माझ्या हातातनं पटाशी काढून घेतली. मग मालकाला फोन लावला. "साहेब, होडी काढू नका. डोलकाठीखालचं बघावं लागंल." पलीकडनं शिव्या. मलाबी ऐकू आल्या.

१७ मार्च
गोदीतल्या लोकांनी उघडून बघितलं. डोलकाठीखालच्या लाकडाचा हातानं भुगा झाला म्हणं. बसूच्या कामाचं मालक अजून काय बोलला न्हाय. लेकरं तरी जमिनीवर हायत.

१९ मार्च
दीर अण्णाराव आले. बसूनं चुलत्याला सांगितलं असणार.
"वैनी, ढिगारा आमी दोघा भावांनी उपसला. मोडक्या खांबातला भुसा दादानं वेचला, उपरण्यात बांधला, विहिरीत टाकला. मला शपथ घातली — तिला कळू देऊ नको, मला ठाऊक हाय म्हणून."
इतकी वर्षं एका चुलीपुढं जेवलो, अप्पा अन् म्या.