अंजिरी साडी

५ जानेवारी, रविवार

राणीच्या दंडावर देवी टोचल्याची खूण! तीनशे वर्षांपूर्वीची राणी, डोक्यावर मुकुट, समोर दरबार भरलेला — आणि दंडावर रुपयाएवढा वण. दवाखान्यात कोणी नेलं हिला? मी ओरडलो. प्रमिला शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही राणीना दंड काबरं देखतस?"

बायकोला काय सांगायचं! सुरतेत बमरोलीच्या कापडमिलमध्ये एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर काढली. समोरून कापडाचा ताका सरकतोय आणि डाग, तुटलेला धागा, चुकलेली वीण — दिसलं की खडूची खूण. आता ताके नाहीत, टीव्ही आहे. नजर तीच आहे. ती कुठे ठेवू?

६ जानेवारी

पेशवाईतल्या भाजीवालीच्या टोपलीत टोमॅटो. लालबुंद, एकसारखे, आपल्या डिंडोलीच्या बाजारात मिळतात तसलेच. डोकं उठलं. टीव्ही बंद केला. प्रमिलाने परत लावला.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्या पोराने, नितीनने, कमाल केली. त्याचं मोबाईलचं दुकान, दिवसभर तेच डोक्यात. मी टीव्हीवर ओरडत असताना गेले दोन महिने चोरून माझे व्हिडिओ काढत होता! वर नाव ठेवलंय — "आप्पाची नजर". राणीच्या दंडाचा व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला म्हणे. मागे सर्कशीसारखं संगीत लावलंय. मी काय विदूषक आहे?

रागावलो. मग म्हटलं, संगीत काढ, बाकी राहू दे.

(अकरा हजार! मिलमध्ये माझं कोणी ऐकत नव्हतं.)

१२ जानेवारी, रविवार

मोबाईलवर नवीन सिनेमा आलाय. आपल्या खानदेशातला — १९५० सालचं खेडं, मास्तरणीचं लग्न. नितीन मुद्दाम माझा व्हिडिओ काढायला समोर फोन धरून बसला. सुरुवात बरी होती. घरं बरी, भांडी बरी, भाषा तर कान तृप्त होतील अशी. मला वाटलं, आज काही सापडत नाही.

मग नवरी बाहेर आली. अंजिरी साडी. उन्हात अशी काही झगमगली की मी उठून उभाच राहिलो. अरे, हा झगमगाट मी ओळखत नाही? उभा जन्म याच्यात गेला! म्हटलं, "पॉलिस्टर आहे! पॉलिस्टर सुरतेत यायला अजून पंधरा वर्षं अवकाश आहे. आणि किनार बघा, ही वीण बघा. ही साडी पन्नास सालची नाही, लिहून घ्या. आमच्या रिंग रोडच्या मार्केटमधून उचललेली आहे. एवढा खर्च करतात, एक जाणता माणूस ठेवत नाहीत!"

नितीन म्हणाला, "आप्पा, एक नंबर!"

१४ जानेवारी, उत्तरायण

सकाळपासून गच्चीवर पतंग आणि भोंगे. काप्यो छे, काप्यो छे! कान किटले. शेजारचा गुजराती उंधियू घेऊन आला आणि म्हणतो, "काका, तमे तो फेमस थई गया!" साडीचा व्हिडिओ दोन लाखांवर गेलाय. खाली लोकांनी काय काय लिहिलंय — सुरतची साडी, नकली नवरी, हसण्याची चित्रं.

प्रमिला म्हणाली, "त्या सिनेमावाल्यांना वाईट वाटलं असंल."

वाटू दे. चूक ती चूक.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी फोन. बाईचा आवाज, शाळेतल्या बाईंसारखा, स्वच्छ. "तुम्हीच का ते आप्पा?"

म्हटलं, हो.

"मी तारा. नंदुरबारहून बोलतेय. तुम्ही ज्या साडीला पॉलिस्टर म्हणालात ती माझ्या आईच्या लग्नाची आहे."

मी टीव्ही बंद केला.

निवृत्त शिक्षिका आहेत. आईजवळच राहतात. सिनेमावाले त्यांच्या भागात शूटिंगला आले होते, जुने कपडे शोधत होते. यांनी ट्रंकेतून साडी काढून दिली. आई सरस्वतीबाई, नव्वद वर्षांच्या. लग्न १९५० सालचं. सिनेमाच्या शेवटी त्यांचं नाव आलंय, आभार म्हणून. अख्ख्या गल्लीने ओट्यावर बसून पाहिलं, म्हातारीला हार घातला. आठ दिवस होतात न होतात, तोच माझा व्हिडिओ घरोघर! आता पोरं दारावरून जाताना ओरडतात — सुरतवाली आजी! आई ओट्यावर बसायची बंद झाली. जेवणही कमी झालंय.

मी म्हटलं, "बाई, पडद्यावर जो झगमगाट दिसला त्यावरून—"

"कापडाला हात लावलात का तुम्ही?"

बस. एवढंच विचारलं तिने. हाताला चव नाही, नुसतं डोळ्याने कापड पास करतोस? — नव्या चेकरला मी हेच म्हणायचो. किती जणांना रडवलं असेल तसं बोलून.

म्हटलं, "मी येतो. रविवारी."

"या. आणि पॉलिस्टर निघालं तर साडी घेऊन जा!"

१८ जानेवारी

नितीन म्हणतो, आप्पा, कशाला जाता, दुसरा सिनेमा बघू. म्हणतो, अशा बायका भांडायलाच बसलेल्या असतात. त्याच्या अंगावर ओरडलो. खरं तर स्वतःवर चिडलोय. पण माझ्या मनात अजून आहे — किनार पन्नासची नव्हती. नव्हतीच!

प्रमिलाने सोबत चिक्की दिली. म्हणाली, "रिकाम्या हातानी म्हातारीना घर जाऊ नका."

१९ जानेवारी, रविवार

उधन्याहून सकाळची गाडी. बसायला जागा मिळाली, पण समोरचा ओळखून म्हणाला, तुम्ही ते साडीवाले आप्पा ना? हसत हात मिळवला. नवापूरपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसलो.

ताराबाई स्टेशनवर आल्या होत्या. साठीच्या, उंच, चष्मा. नमस्कार केला पण हसल्या नाहीत. घरी म्हातारी कॉटवर, भिंतीला टेकून. एवढीशी मूर्ती. मी पाया पडलो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हटलं, राग असणारच.

साडी पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली. ताराबाईंनी उलगडली. मी हात धुतले, पुसले, मग बोट लावलं.

लावताक्षणी कळलं. पॉलिस्टर नाही. गार, मऊ, जड. हातात धरली की पाण्यासारखी खाली जाते. पॉलिस्टर अशी पडत नाही कधी. तरी ताराबाई म्हणाल्या, "नुसतं तोंडाने नको. तुमच्याकडे परीक्षा असेल ना काही? ती करा, माझ्यासमोर."

परीक्षा म्हणजे जाळणं. एक धागा उभा, एक आडवा. पॉलिस्टर असेल तर वितळतो, काळी कडक गोळी होते. आर्ट सिल्क — म्हणजे जुन्या काळचं नकली रेशीम, लाकडाच्या लगद्यातून काढलेलं — कागदासारखं भुर्रकन जळतं.

ताराबाईंनी सुई घेतली. तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बोलली.

"ऱ्हाऊ दे वं माय. धागा नको काढू."

"आई, आज होऊन जाऊ दे."

"नको म्हनस ना मी!" कॉटवरून उठायला निघाली. ताराबाईंनी खांद्याला धरून बसवली. "तुझ्याच साडीसाठी चाललंय ना हे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचाहत्तर वर्षं जपलेल्या साडीचा धागा माझ्यामुळे उसवायचा. म्हटलं, राहू द्या, मला कळलं आहे, माझी चूक. पण ताराबाईंनी तोवर पदराच्या टोकाचे दोन धागे ओढलेही होते.

काडी लावली. भुर्रकन गेले दोन्ही. कागद जळल्याचा वास. राख बोटावर घेतली तर पीठ. गोळी नाही. किनारीचं मग काढायला तोंडच उरलं नाही.

ताराबाई रडायला लागल्या. मी म्हातारीसमोर बसलो, हात जोडले. "चुकलो. तुमच्या साडीला न बघता नाव ठेवलं." तिने तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यातून पाणी.

चहा घेतला. चिक्की ठेवली. निघालो. ताराबाई दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "आलात, हे मोठं केलंत. आईचं मनावर घेऊ नका, तिला फार लागलंय."

परतीच्या गाडीत कोणी ओळखलं नाही. बरं झालं.

२० जानेवारी

नितीनला समोर बसवलं. म्हटलं, काढ व्हिडिओ. संगीत नाही, काही नाही. सरळ सांगितलं — मी चुकलो. धागा जाळून पाहिला, साडी पॉलिस्टरची नाही, आर्ट सिल्क आहे. सुरतेत तेव्हाही विणलं जायचं. मी कापडाला हात न लावता बोललो. सरस्वतीबाईंची माफी मागतो. त्यांच्या दारावरून जाणाऱ्या पोरांनी तोंड सांभाळावं.

नितीन म्हणाला, "आप्पा, हे कोण बघणार?"

२३ जानेवारी, गुरुवार

सहाशे बारा. सहाशे बारा लोकांनी पाहिलं! तो मूर्खपणाचा व्हिडिओ तीन लाख आणि हा सहाशे बारा. त्यातही दहा वेळा मीच पाहिला.

आणि खाली काय लिहिलंय! "आप्पाला सिनेमावाल्यांनी गप्प केलं." "म्हातारा विकला गेला." "आप्पा पहिल्यांदा बोलले तेच खरं." एक तर लिहितो, धागा बदलून जाळला! कोणीतरी माझ्याच जुन्या व्हिडिओचे तुकडे करून मलाच समजावतोय की माझी नजर कधी चुकत नाही. अरे, मी सांगतोय ना चुकली म्हणून! माझ्या चुकीवर माझाच अधिकार नाही?

बोटाने एकेकाला उत्तर लिहीत बसलो. अकरा जणांना लिहिलं. मग प्रमिलाने फोन काढून घेतला.

२६ जानेवारी, रविवार

ताराबाईंचा फोन. चांगल्या आवाजात. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांना बोलावलं होतं. तिथे त्यांनी माझा माफीचा व्हिडिओ सगळ्या मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवला. त्याच मुलांतली दोन चिडवणारी होती, ती नंतर घरी येऊन म्हातारीच्या पाया पडून गेली. सहाशे बारात ही शाळा धरलेली नाही!

विचारलं, "आई ओट्यावर बसतात का आता?"

म्हणाल्या, "नाही हो. तेच कळत नाही. आता तर सगळं मिटलं ना?"

माफी मागून काय उपयोग, लागलेलं निघत नाही. आणखी काय करू मी?

२७ जानेवारी

नितीनला सांगून साडीचा पहिला व्हिडिओ काढून टाकायला लावला. कुरकुरला. काढला. दुसऱ्या कोणीतरी तो परत टाकलाय. वर सर्कशीचं संगीत लावून.

टीव्ही लावला नाही. प्रमिला विचारते, "बरं नही का तुमले?"

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी दोनला फोन. अनोळखी नंबर. पलीकडून बारीक, धापा टाकणारा आवाज. "भाऊ, मी सरस्वती. तारा बँकमा जायेल शे. शेजारनीना फोन शे." मग — "तू खोटा नही व्हता भाऊ. मनामुये तू खोटा पडना."

लग्नातली अंजिरी साडी एक्काहत्तर सालीच गेली. स्टोचा भडका उडाला, दोरीवर होती, जळाली. तारा न्हानी व्हती, म्हणाल्या, तिला काही आठवत नाही. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. नवरा एसटीत कंडक्टर होता. रजा काढून सुरतेला आला, चार दिवस मार्केट पालथं घातलं, तसाच रंग शोधून आणला. हातात देऊन म्हणाला, "ले, तुनी लगननी साडी. हाई तीच शे." त्या म्हणाल्या, "हा, तीच." मग तो जाईपर्यंत, अडतीस वर्षं, त्या साडीविषयी दोघं एक शब्द बोलले नाहीत.

"लोकेस्ले खरं सांगी दे भाऊ. तुनं नाव खराब व्हयनं. पन मी जिती शे तोवर ताराले सांगू नको."

मग म्हटलं, "आक्का, साडी पन्नास सालचीच आहे. मी स्वतः तपासली आहे. ओट्यावर बसत जा."