आडवा उजेड

प्रिय बाबा,

तुमचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि क्षणभर वाटलं, आईला काही झालं. एरवी तुम्ही मला कशाला फोन करताय. पण तुम्ही थेट विषयालाच हात घातलात. रोज खिशात बाळगता येईल असा चांगला एलईडी टॉर्च कोणता, आत्ताचा बदलायचा आहे, फार महाग नको, आणि तू कोणता वापरतेस. मी कशी आहे हे विचारायचं राहून गेलं असेल. मी सांगायला लागले तर दोन वाक्यांत "बरं बरं" म्हणून फोन ठेवलात. म्हणून लिहिते आहे. कागदाला "बरं बरं" म्हणून गप्प बसवता येत नाही.

आत्ताचा टॉर्च म्हणजे युवराजांनी आणलेला तोच ना? धाकट्या भावाला मी युवराज म्हणते ते तुम्हाला आवडत नाही, पण दुकानावरच्या पाटीनंतर दुसरं काय म्हणणार. तो टॉर्च मी पाहिला आहे. मनगटाएवढा जाड, पुढचा भाग ओढला की झोत लांब जातो, बटण दाबलं की लुकलुकतो, पुन्हा दाबलं की आणखी जोरात लुकलुकतो. समुद्रात बुडणाऱ्याला उपयोगी पडेल, भिंतीला पुट्टी भरणाऱ्याला लुकलुकून काय करायचंय? खिशात घातला तर पँट खाली येते. नाकापेक्षा मोती जड. डब्यावर उजेडाचा जो आकडा छापलेला असतो त्यावर जाऊ नका, स्वस्त टॉर्चवर ज्याला जो सुचेल तो आकडा छापतात. खरा असला तरी तेवढा उजेड थोडाच वेळ टिकतो, मग टॉर्च तापतो आणि आपणहून मंद होतो. आणि लांब जाणारा झोत आपल्या कामाचाच नाही. त्यानं मध्ये एक झगझगीत चौकोन पडतो आणि बाजूला काळोख. आपल्याला हवा पसरट उजेड, काठापर्यंत एकसारखा, भिंतीला गाल लावून जाणारा.

"आपल्याला" असं सवयीनं लिहून गेले. राहू दे, खोडत नाही.

शाळेला सुट्टी लागली की तुम्ही मला कामावर न्यायचात. भर दुपारी खोलीच्या खिडक्यांना पुठ्ठे लावायचे, दार लोटायचं, आणि मी टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरायचा. समोरून पाहिलं तर सगळ्याच भिंती गुळगुळीत, दुरून डोंगर साजरे, असं तुम्ही म्हणायचात. आडव्या उजेडात मात्र प्रत्येक खळग्याला आणि उंचवट्याला सावली पडते. सावली दिसली की मी पेन्सिलीनं गोल करायचा आणि तुम्ही तिथे पुट्टी भरायची. त्या कामाचा तुमचा एकच नियम होता. जो गोल करतो त्यानं भरायचं नाही, आणि जो भरतो त्यानं वाद घालायचा नाही. एकदा मी एका जागी गोल केला, तुम्ही तळवा फिरवला, म्हणालात, "इथं काही नाही." तरी मुकाट्यानं पुट्टी भरलीत, घासलीत, पुन्हा टॉर्च लावायला सांगितलंत. सावली गेली होती. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत. ती मान हलवणं मी कित्येक दिवस पुरवून पुरवून आठवलं. आता सांगायला लाज वाटते, इतक्या थोडक्यात माझं भागत होतं.

धाकटा मोठा झाला तशी त्याच्या हातात तुम्ही पुट्टीची पट्टी दिलीत. माझ्या हातात टॉर्चच राहिला. पट्टी मागितली तेव्हा म्हणालात, बाईमाणूस शिडीवर किती दिवस चढणार. मी तेव्हा शिडीवरच होते. मग ती पाटी आली, तुमचं नाव आणि खाली "आणि चिरंजीव". ती ठोकताना शिडी मी धरली होती, आठवतं? पाटी सरळ बसली का, हेही तुम्ही मलाच विचारलंत. मी म्हटलं, डावी बाजू जरा वर घ्या. घेतलीत. युवराज समोर उभे राहून फोनवर फोटो काढत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यामुळे मी दुसरीकडे विकायला गेले. आज मी बांधकाम कंपनीत भिंती तपासायचं काम करते. रंगारी काम संपवतात, मी टॉर्च घेऊन जाते आणि सही करते किंवा करत नाही. तुम्ही शिकवलेल्या विद्येवरच माझं पोट चालतं, आणि ती तुम्ही मला शिकवली नव्हतीत, माझ्याकडून फक्त करवून घेतली होतीत. असो.

टॉर्चकडे येते. लहान घ्या, अंगठ्यापेक्षा थोडा लांब. मागच्या बाजूला चुंबक असलेला मिळतो, तो लोखंडी शिडीला चिकटून राहतो आणि हात मोकळे होतात. खिशाला अडकवायची क्लिप बघून घ्या, गोल टॉर्च शिडीच्या घोड्यावरून घरंगळतो आणि खाली पुट्टीच्या घमेल्यात जातो. बटण बाजूला असावं, अंगठ्याला न बघता सापडेल असं. पहिल्या दाबाला मंद उजेड लागणारा घ्या, आडव्या उजेडाला मंदच लागतो, भगभगीत प्रकाशात बारीक सावल्या मरतात. हे तुमचंच वाक्य. बॅटरी काढता येणारी हवी, नाहीतर दोन वर्षांनी अख्खा टॉर्च कचऱ्यात. चार्जिंग फोनच्या वायरनं व्हावं, आणि त्या भोकावर रबराचं झाकण घट्ट बसतं का ते पाहा, पुट्टीची धूळ कुठेही शिरते. हे सगळं एका चांगल्या रोलरच्या किमतीत बसतं, कोणी जास्त सांगत असेल तर दुकानातून बाहेर या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रंगाची. स्वस्त एलईडीचा पांढरा उजेड निळसर असतो, त्यात रंग खोटे दिसतात. खरे रंग दाखवणारे टॉर्च वेगळे असतात, उजेड थोडा कमी देतात, पण क्रीम क्रीमच दिसतो. हे मी तुमच्यामुळेच शोधून काढलं. गेल्या वर्षी माझ्या हॉलमधला ओलीचा डाग काढायला तुम्ही आला होतात. माझ्यासाठी काम केलंत असं तेवढं एकच. तुम्ही रंग मिसळलात, टॉर्च लावून पाहिलात, म्हणालात जुळला. मी म्हटलं, बाबा, जरा पिवळा वाटतो. तुम्ही चिडलात. तुमच्या डोळ्यासमोर दोन्ही रंग एकच होते. तुम्ही गेल्यावर खिडकी उघडली तर भिंतीवर पिवळट ठिगळ. येणारा-जाणारा विचारतो, हे कोणी केलं. मी सांगते, टॉर्च खराब होता. वर्षभर मी त्या बिचाऱ्या टॉर्चवर खापर फोडते आहे.

या पत्रासोबत मी टॉर्च पाठवते आहे. तू कोणता वापरतेस असं विचारलंत, तर हाच, अगदी माझ्या टॉर्चसारखाच दुसरा. मिळाल्यावर एक परीक्षा करा. कोरा पांढरा कागद टेबलावर ठेवा, टॉर्चचा उजेड त्यावर पाडा आणि आधी डावा डोळा झाकून बघा, मग उजवा. मग तसंच दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. डोळा कशाला झाकायचा ते शेवटी सांगते. आधी कराल तर बरं.

आता वाचनालयाचं. आमची कंपनी बांधते आहे त्या नव्या इमारतीतलं रंगकाम तुम्ही घेतलंत हे मला आमच्या ऑफिसात कळलं, तुमच्याकडून नाही. वाचनाची मोठी खोली, एका बाजूला सलग भिंत, वर लांबच लांब खिडकी. अशा भिंतीवर ऊनच आडवं पडतं, तिथे काही लपत नाही. मी साहेबांना म्हटलं, माझे वडील आहेत, दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेब हसले, म्हणाले, तुमच्याइतकं कडक कोणी नाही, तुम्हीच जा. तेव्हा तुमच्या फोनचा अर्थ लागला. तपासणी मी करणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मला जे दिसेल ते आधी तुम्हाला दिसायला हवं होतं, म्हणून टॉर्च. एवढंच म्हणाला असतात, की ये आणि एकदा उजेड धर, तर मी आले असते. रागानं आले असते, पण आले असते. तुम्ही मात्र मॉडेल विचारलंत.

काल तपासणी झाली. तुम्ही आला नव्हतात, युवराज होते. मी पुठ्ठे लावले, टॉर्च भिंतीला टेकवला. बाबा, ती भिंत तुमची नव्हती. म्हणजे काम तुमचंच, पट्टीचा फटकारा मी ओळखते. पण खळगे तसेच, घासताना राहिलेल्या रेघा तशाच, आणि रंगाचा दुसरा हात अर्ध्या भिंतीवर वेगळ्याच छटेचा. मी गोल करत गेले. पेन्सिल बोथट झाली, तासली, पुन्हा गोल करत गेले. तुमचे चिरंजीव मागे उभे होते. शेवटी म्हणाले, "ताई, बाबांना काही सांगू नकोस, मी गुपचूप भरून घेतो." मी विचारलं, कधीपासून? तेव्हा कळलं. चहा कपाबाहेर ओतता, जिन्यावर कठडा धरून उतरता, रंगाचे डबे नंबर वाचून नाही, तर ठेवलेल्या जागेवरून ओळखता. दीड वर्ष झालं. हे त्यानं आईलाही सांगितलं नाही, मूग गिळून गप्प राहिला, कारण गिऱ्हाईक येतं ते तुमच्या नजरेच्या नावावर, आणि त्याला स्वतःला भिंत बघता येत नाही. कशी येईल? त्यानं कधी टॉर्च धरलाच नाही. याला एक म्हण आहे, दळणाची. ती मी तुम्हाला लिहिणार नाही.

आई फोनवर कुरकुरत होती की घरातली ट्यूब दोनदा बदलली तरी तुम्हाला अंधारच वाटतो, पेपर वाचायला गॅलरीत जाऊन बसता. हा तुमचा वर्षातला तिसरा टॉर्च. दुकानदाराला, कंपनीला, बॅटरीला, सगळ्यांना नावं ठेवून झाली तुमची. मला राग येतो तो याचाच. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीवर आडवा उजेड टाकलात आणि स्वतःवर समोरून सुद्धा टाकला नाहीत.

वाचनालयाच्या भिंतीवर मी सही केली नाही. सगळं घासून पुन्हा करावं लागेल, आणि तुमच्या पाटीखाली ही बातमी फिरेल. मुलीनं बापाची भिंत नापास केली, लोक म्हणतील, म्हणू दे. पण त्यासाठी हे पत्र नाही, ते कळवायला ऑफिसचा कागद येईलच. कागदाची परीक्षा केलीत ना? दोन्ही डोळ्यांना कागद वेगळा दिसला असेल, एकाला पिवळा, एकाला त्याहून पिवळा आणि धुरकट. खिडकीपाशीही तसाच. दोष टॉर्चचा नाही, बाबा. मोतीबिंदू असावा असं मला वाटतं, आणि तसं असेल तर तो काढता येतो, मी विचारून आले आहे. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी स्वतः येऊन तुम्हाला नेणार, चिरंजीवांना पाठवू नका. मी परत तुमच्याकडे टॉर्च धरायला येईन असं समजू नका, त्या पाटीखाली मी पाय ठेवणार नाही, रस्त्यातून हाक मारीन. तयार राहा. आईपुढे "मला काही झालेलं नाही" हे नाटक करू नका, आणि मला फोन करून "बरं बरं" म्हणू नका. भिंतीवरचे गोल करून झाले, आता हा शेवटचा तुमच्याभोवती करते आहे. भरणाऱ्यानं वाद घालायचा नाही.

तुमचीच,
पाटीवर न मावलेली