दुसऱ्या अपूर्णांकानं काय घोडं मारलंय?

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, कारण माझी कंबर धरली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होती, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तुम्ही दिवसातून चारदा चढता. तसं करू नका. डोळ्यांतले थेंब वेळेवर घाला. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

आमची खासगी शाळा निकालासाठी नावाजलेली, हे तुम्ही चारचौघांत सांगताच. माझ्या सहावीत गणितात नव्वदच्या खाली कुणी आलं, तर त्या घरात आजारपण आल्यासारखं हळू बोलतात. तर गेल्या महिन्यात तपासणीची दोन माणसं आली. तीन दिवस मागच्या बाकावर बसली, वह्या चाळल्या आणि जाताना लिहून गेली की निकाल उत्तम, पण मुलांना शिकण्याची ओढ दिसत नाही, तीन दिवसांत एकानंही प्रश्न विचारला नाही. (एकानं विचारला होता, पण तो पाणी पिऊन येऊ का असा होता. तो धरला नाही.) पुढच्या शुक्रवारी ती परत येणार आहेत. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक मुलानं रोज एक प्रश्न विचारायचा, त्याला पाच गुण.

गुण म्हटल्यावर आमची मुलं मागं हटतात होय? दोन दिवसांत चौतिसांपैकी तेहतीस हात वर. पण शिकवणीवाल्यांनी 'निवडक प्रश्न' छापून वाटले होते, त्यामुळे सगळ्यांकडे तोच कागद. एकानं तिसऱ्याच्या आधी चौथा प्रश्न विचारला, तर बाकीच्यांनी त्याला धारेवर धरलं. एका वडिलांचा फोन आला की यातले महत्त्वाचे कुठले. मी म्हटलं, प्रश्न मुलांना पडले पाहिजेत. ते म्हणाले, हो, पण कुठले? मी फोन ठेवून दिला.

चौतिसावी टाचणी. हे नाव शिक्षकांनीच ठेवलंय, कारण ती बारीक आहे आणि टोचते. पंचवीसपैकी अकराच्या वर जात नाही, कारण एखादं गणित पटलं नाही की वेळ संपेपर्यंत त्याच्यापाशीच बसून राहते. तिच्याकडे कागद नव्हता. सोमवारी मी अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते, की दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं (अगदी तुमच्याच सुरात). ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दुसऱ्यालाच का उलटा करायचा? त्यानं काय घोडं मारलंय?"

मामा, एकोणीस वर्षं मी त्याला उलटा करते आहे आणि का ते मला माहीत नव्हतं. छान प्रश्न, उद्या सांगते, असं म्हणून वेळ मारून नेली. मंगळवारी ती शिक्षकखोलीच्या दारात हजर. बुधवारी मी खेळाच्या सामानाच्या खोलीतून मागच्या मागं सटकायला गेले, तर ती तिथं चेंडू मोजत उभी. विज्ञानाचे सर म्हणाले, हा गणिताचा प्रश्न आहे. वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तसा नियम आहे, आणि त्यांनी डबा उघडला. पाठ्यपुस्तकात तर चौकटीत 'लक्षात ठेवा' एवढंच. आता मोठ्या बाईंनी ठरवलंय की शुक्रवारी गणिताच्या तासाला टाचणीनं ग्रंथालयात पुस्तकं पुसत बसायचं. तपासणीसांसमोर तिनं विचारलं आणि शिक्षिकेलाच उत्तर येईना, तर शोभा व्हायची. मला फार वाईट वाटलं. अख्ख्या शाळेत शिकायची ओढ असलेली एकच पोर, आणि तिलाच लपवायचं. मी ठणकावून सांगितलं की उत्तर माझ्याकडे आहे, ती वर्गातच बसेल. म्हणजे मी चक्क थाप मारली.

असो. मामीला नमस्कार. जिना चढू नका.

तुमची भाची

ता. क. काळजी करू नका, पत्र नुसतं खुशाली कळवायला लिहिलं.

ता. क. २ दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, तेवढं पुढच्या गुरुवारच्या आत कळवा. तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. माहीत नसेल तर तसंच लिहा. मग मी शुक्रवारी वर्गात सगळ्यांसमोर 'मला येत नाही' म्हणेन आणि टाचणीबरोबर शोधायला बसेन.

ता. क. ३ सहावीत असताना मी हाच प्रश्न तुम्हाला विचारला होता. तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता 'उद्या सांगतो' म्हणालात. त्यानंतर मी कुणालाच काही विचारलं नाही, आणि दर वर्षी गणितात पहिली आले.