झाकलेल्या दोन वाट्या

फुलंब्री,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तनुजास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथं बरे आहोत. क्रांती चौकात तुझ्या माहेरची मंडळीही बरी असतील. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद सोमनाथच्या डब्याच्या पिशवीत घातलाय. स्वतःच्या बायकोला पत्र न्यायला तुझा नवरा लई कुरकुरला.

अक्षराला हसू नकोस. कारण पुढं येतंय.

गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या सासऱ्यांचा, आप्पासाहेबांचा गुडघा बसलाय, तोंड मात्र चालू आहे. शेजारची चंपाबाई रोज विचारते, "सून डोहाळजेवणातून उठून का गेली?" मी म्हटलं, तिला उकडत होतं. या थंडीत!

तिनंही पाहिलंच होतं म्हणा. पेढा अन् बर्फीच्या झाकलेल्या वाट्या तुझ्यापुढं ठेवल्या, तू डावा हात पुढं केलास, अन् मी सगळ्या बायकांदेखत त्या हातावर चापट मारली. वर म्हणाले, बाळ डावरं निघालं तर तुझ्यामुळं! तू पडलीस जीवशास्त्राची मास्तरीण. रडत रडत तिथंच सांगितलंस, की मेंदूचा धागा हातापर्यंत पोचायच्या आधीच पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्यात डाव्या-उजव्या बाजूंची काही जनुकं वेगवेगळ्या चालीनं कामाला लागतात. हात डावा की उजवा ते तिथूनच ठरू लागतं, यात कुणाचा दोष नसतो. मी म्हणाले, "पोटात कसली आलीय शाळा?" तू भावासोबत निघून गेलीस.

आता ऐक. परवा गोठ्यात घसरले. उजवा हात प्लास्टरात. म्हटलं, झाली फजिती! पण डाव्या हातानं झाडलोट केली, भाकरी थापली, हे पत्रही लिहितेय, अन् कुठं अडलं नाय. तेव्हा आठवलं, माझी आई लहानपणी माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायची. मला वाटायचं, खोड्या करते म्हणून बांधते. व्हय गं, या घरातली डावरी मीच निघाले!

आप्पासाहेब माझ्या डाव्या हातचं जेवले अन् म्हणाले, "इतक्या वर्षांत आज मीठ बरोबर पडलं." म्हातारा लई द्वाड.

तनुजा, चापट मारणाऱ्या हाताला शिक्षा झाली, पण चूक माझी होती. तुझ्याविना घर खायला उठतं. रविवारी ये. ताजा पेढा, ताजी बर्फी आणून वाट्या पुन्हा झाकून ठेवते. तुला वाटेल त्या हातानं उघड. चंपाबाईनं तोंड उघडलं तर तिला मी बघते, डाव्या हातानं.

बाळाला माझे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझी डावरी सासू,
वच्छला