चाळिसाव्या हिवाळ्याचा निकाल

ओउलू, ९ फेब्रुवारी

माननीय आणि (बायकोचे थोरले भाऊ असल्यामुळे) प्रियही असलेले रेइनोराव यांस,

आऊलिस लॅम्साचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघेही ठणठणीत आहोत. तुमच्या मनगटाचे प्लास्टर निघाले का, बोटे वळतात का, कॉफीचा कप त्याच हाताने धरता की अजून दुसऱ्या, ते सविस्तर कळवावे. नोव्हेंबरात तुम्ही स्वतःच्याच दाराच्या तीन पायऱ्यांवरून घसरलात हे ऐकून मला मनापासून वाईट वाटले होते. (हसलो ते नंतर, आणि तेही दुकानात.) त्या दिवशी तुमच्या तुर्कूत तापमान किती होते हे मी मुद्दाम पाहिले. शून्य. रेइनोराव, मी गेली कित्येक वर्षे कंठशोष करून सांगतो आहे की माणसाचा वैरी उणे वीस नव्हे, शून्य आहे. उणे वीसला बर्फ कोरडा असतो आणि चाकाला वाळूसारखी साथ देतो. शून्याला तो वितळून पुन्हा गोठतो, वर पाण्याचा पातळ थर, आणि मग माणूस साबणावर पाय दिल्यासारखा जातो. तुमच्याकडे सगळा हिवाळा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. म्हणून हाडे तुमच्याकडे मोडतात आणि बढाया आमच्याकडे मारल्या जातात.

पत्र लिहिण्यास कारण की, रविवारी ओर्वोक्की तुमच्याशी फोनवर बोलत होती तेव्हा मी पलीकडच्या खोलीत चेन पुसत बसलो होतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. ती काय बोलली ते भिंतीतून ऐकू आले, आणि तुम्ही तुर्कूत बसून किती वेळ हसलात तेही ऐकू आले. (मी मोजले. मध्ये एकदा ठसका लागला, तो धरून.) पेपरातले कात्रणही तिने तुम्हाला पाठवल्याचे कळते. बहिणीने भावाला सांगितलेली हकीकत खोटी नसते, पण ती बहिणीच्या बाजूने असते. सबब खरे काय घडले ते तुम्हाला माझ्या हस्ताक्षरात मिळावे.

मुळापासून सांगतो. सव्विसाव्या वर्षी दोन पाने आणि एक पंप घेऊन मी बटाटे साठवायच्या एका भाड्याच्या तळघरात सायकलदुरुस्ती सुरू केली, तेव्हा बसच्या पासालाही पैसे नव्हते, म्हणून कामाला सायकलनेच जात असे. आज दुकान बाजारचौकाजवळ आहे, हाताखाली चार माणसे आहेत, पास काय, अख्खी बस ठरवू शकेन. तरी जातो सायकलनेच. दुकान उघडे असलेला हिवाळ्यातला एकही दिवस चुकलेला नाही. काचेत एक पाटी आहे, तिच्यावर फक्त आकडा असतो: किती हिवाळे. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या दिवशी मी तो बदलतो आणि शेजारची मासेवाली येऊन न बोलता हात मिळवते. (आमच्याकडे याला सत्कार म्हणतात.) सध्या तिथे एकोणचाळीस आहे. आता दुसरी बाजू. माझ्या साठीला, साउनाच्या न्हाणीतून बाहेर पडल्यावर, अंगातून वाफ निघत असताना, म्हणजे माणूस कशालाही हो म्हणतो अशा वेळी, मी ओर्वोक्कीला वचन दिले की चाळीस हिवाळे पुरे झाले की हिवाळी सायकल भिंतीला टांगीन आणि थंडीत बसने जाईन. तेव्हा चाळीस फार लांब होते. यंदाचा हिवाळा चाळिसावा.

आता थंडी आणि तिच्या मर्यादा यांबद्दल, कारण तुम्ही फोनवर म्हणालात की या माणसाला मर्यादाच नाही. माझ्याइतक्या मर्यादा पाळणारा माणूस या गावात दुसरा नाही. मी थर्मामीटर बघत नाही, बर्फ ऐकतो. उणे पाचला चाकाखाली तो गप्प असतो, दहाला कुरकुरतो, वीसला नव्या बुटासारखा करकरतो, आणि पंचविसाच्या खाली काचेवर नख ओढावे तसा किंचाळतो. (ओर्वोक्की म्हणते, बर्फाचे ऐकतोस ते घरात का ऐकत नाहीस. विषयांतर नको.) दहापर्यंत कान झाकावे, पंधरापासून नाक आणि गाल, विसाच्या खाली सावकाश चालवावे, कारण थंडीत वारा पडलेला असला तरी आपल्या वेगाचा वारा आपणच तयार करतो आणि तोच तोंडावर मारून घेतो. घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जो निघताना उबेत असतो तो वाटेत घामाघूम होतो, आणि पुढे सिग्नलला उभा राहिला की तोच घाम त्याला गोठवतो. बूट एक नंबर मोठे हवेत, बोटांना आत हलायला जागा हवी. पंचविसाच्या खाली गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो की लांब जाऊ नका, एकटे जाऊ नका. तिसाच्या खाली काय, असे कोणी विचारले तर मी विषय बदलतो.

शिवाय हे गाव कोणते ते विसरू नका. इथे पहाटे पाचला बर्फ काढणारे यंत्र निघते ते आधी सायकलच्या वाटेवर येते, मोटारी नंतर. शाळेपुढे उणे सतराला शेकडो सायकली बर्फात उभ्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. तुमच्याकडे एका चौकात सायकल दिसली तर लोक रुग्णवाहिका बोलावतात.

तर जानेवारीच्या अखेरीस पेपरवाल्यांना पाटीचा सुगावा लागला. एक छायाचित्रकार बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानापुढे येणार, चाळिसाव्या हिवाळ्यातला माणूस सायकलवरून येताना टिपणार, असे ठरले. आता मी जे केले ते मला लिहिताना जड जाते. सायकल मिठाने आणि चिखलाने माखलेली होती. पेपरात ती तशी कशी जाणार? मी ती साउनाच्या फरशीवर घेतली, गरम पाण्याने स्वच्छ धुतली, आणि वाळायला बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत उबेत ठेवली. रात्रभर. दुकानात, गल्ल्याच्या वर, माझ्याच अक्षरात मोठी पाटी आहे: हिवाळ्यात सायकल धुऊन उबेत ठेवू नये, ती थंडीतच ठेवावी. मीच लिहिली. अठरा वर्षांपूर्वी. शिवाय पेपरसाठी म्हणून लोकरीचे ढगळ बूट सोडून लग्नातले काळे बूट घातले, तेही लिहून टाकतो. पत्र खरे सांगायलाच घेतले आहे.

सकाळी बर्फ किंचाळण्याच्याही पलीकडे गेला होता. ओर्वोक्कीने खिडकीतल्या थर्मामीटरकडे बोट केले (उणे एकतीस), मग बसच्या थांब्याकडे बोट केले, आणि कॉफी ओतली. मी कॉफी प्यालो आणि निघालो. सायकल पहिले दोन किलोमीटर अशी धावली की तुम्ही पाहिली असती तर मोटार विकली असती. धुतलेली, चकचकीत, खिळ्यांच्या टायरांची मंद चरचर, मिशीवर दंव, मी तुइराच्या पुलावर चढलो. आणि चढाच्या मध्यावर पायडल एकदम हलके झाले. पाय गरगर फिरतात, चेन फिरते, चाक जागेवर. धुताना मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये शिरलेले पाणी बाहेरच्या थंडीत गोठले होते. आतले बारीक दात चाकाला धरेनात. चाळीस वर्षांत ही तक्रार घेऊन माझ्याकडे शेकड्यांनी माणसे आली आणि प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: धुतली होती का? आता पुलावर विचारणारे कोणी नव्हते, म्हणून मीच विचारले, मीच मान खाली घातली. (गोठलेल्या फ्रीव्हीलवर एक गरम उपाय पुरुषमंडळींना ठाऊक असतो. पण उणे एकतीसला, भर पुलावर, दोन्ही बाजूंनी कामाला जाणारी माणसे असताना, लग्नातले बूट घातलेल्या माणसाने तो करू नये.) दुकान अजून दोन किलोमीटर, आठ वाजायला वीस मिनिटे.

मी सायकल ढकलू लागलो. तेवढ्यात मागून बर्फावर पोलाद घासल्याचा आवाज आला. मी न वळता ओळखले की घसरखुर्ची आहे, आणि ज्या ठेक्याने तिला रेटा बसत होता त्यावरून हेही ओळखले की मागे उभ्या आहेत त्या आमच्या लेंपीबाई. तिसरीत मला गणित शिकवणाऱ्या. वय ब्याऐंशी. बाजाराला चालल्या होत्या. पुढच्या खुर्चीवर सलगमांची पिशवी, स्वतः मागे एका पट्टीवर उभ्या आणि दुसऱ्या पायाने बर्फ रेटत. त्या माझ्याशेजारी थांबल्या.

"काय रे आऊलिस, सायकलला फिरवायला आणलंस?"

मी म्हटले, फ्रीव्हील गोठलंय.

"धुतली होतीस?"

तिसरीतही त्यांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाचे उत्तर मला येत असे त्यालाच मी गप्प राहत असे.

"बस," त्या म्हणाल्या. "सलगमं मांडीवर घे."

रेइनोराव, पळवाट नव्हती. मी बसलो. मांडीवर पिशवी, डाव्या हाताने सायकलचे हँडल धरलेले, सायकल शेजारून धावते आहे, आणि मागून ब्याऐंशी वर्षांच्या बाई एका पायाने आम्हा सगळ्यांना पूल पार करून नेताहेत. उतारावर त्यांनी दोन्ही पाय पट्ट्यांवर घेतले आणि पुलाच्या पायथ्याशी आम्ही एका बसला मागे टाकले. (ही तीच बस, जी मी पकडावी असे ओर्वोक्कीचे म्हणणे होते. लक्षात असू द्या.) पाय मात्र न हलवता बसल्यामुळे काळ्या बुटांत बोटांचे काय चालले आहे ते कळेनासे झाले.

दुकानापुढे छायाचित्रकार बाई उभ्या होत्याच. त्यांनी लेंपीबाईंचे फोटो काढले. समोरून, बाजूने, खालून. कात्रणात तुम्ही पाहिलेच असेल: मोठ्या अक्षरांत लेंपीबाईंचे पूर्ण नाव, वय, आणि खाली 'बाजाराला जाताना, सोबत एक प्रवासी'. प्रवाशाचे नाव विचारायला त्या बाई विसरल्या, आणि मीही आठवण करून दिली नाही.

आत माझी मुख्य कारागीर मार्केत्ता हिने सायकल स्टँडवर चढवली, मागचे चाक एकदा फिरवले, कान लावला. माझ्याकडे पाहिले. मग गल्ल्याच्या वरच्या पाटीकडे पाहिले. बारा वर्षे काम करते आहे माझ्याकडे. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. (दुसरे काही वाटायला जागाच उरली नव्हती.)

आता मुद्दा. तो दिवस धरायचा की नाही? माझे म्हणणे स्पष्ट आहे: धरायचा. नियम असा की मी आणि सायकल घरून निघून दुकानात एकत्र पोचले पाहिजे. पोचलो. सायकलची दोन्ही चाके सगळी वाट जमिनीवर होती आणि फिरत होती. माझा हात हँडलवर होता. निम्मी वाट तर मी चालवलीच. घडीभर टेकलेला गवंडीही घरच बांधत असतो असे आपण म्हणतो की नाही? मार्केत्ता म्हणते धरा. बाकीचे तिघे म्हणतात धरा. (त्यांना पगार मी देतो.) मासेवाली म्हणते, हात मिळवायला मी येणारच. आणि ओर्वोक्की सगळ्यांत ठामपणे म्हणते, धरा. तिने भिंतीत खिळाही ठोकला आहे, बैठकीत, सायकल टांगायला. इतका जाड खिळा मी आयुष्यात पाहिला नाही. एकट्या लेंपीबाई वेगळे बोलल्या. बाजारात भेटल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे सगळा हिशोब मांडला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अर्ध्याला पूर्ण म्हणायला मी तुला शिकवलं नव्हतं."

तर हे असे आहे. पुलावर काय झाले, का झाले, बसला कोणी मागे टाकले, सगळे तुम्हाला कळले. यापुढे हसायचे असेल तर वस्तुस्थितीवर हसावे. वहिनींना नमस्कार. मनगटाला जपा. पायऱ्यांवर खडी टाका, मीठ नको.

आपला,
आऊलिस

ता. क. एक विनंती आहे. मार्चच्या अखेरीस तुम्ही दोघे इकडे येणार असल्याचे कळते. ओर्वोक्की जगात फक्त तुमचे ऐकते. तेव्हा पाटी बदलायच्या आदल्या दिवशी, जेवताना, सहज बोलल्यासारखे, तुम्ही थोरला भाऊ या नात्याने निकाल द्यावा की घसरखुर्चीवरचा दिवस धरता येत नाही आणि हिवाळा चाळिसावा झाला नाही. वर मी जे मुद्दे मांडले आहेत ते सगळे खोडून काढावेत. मी भांडेन. जोरात भांडेन. माघार घेऊ नये.

ता. क. २. डाव्या पायाच्या दोन बोटांची कातडी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास असता तर बोटे गेली असती. ओर्वोक्कीला मी सांगितले आहे की पायावर पाना पडला. तिने पट्टी बदलताना काही विचारले नाही, त्यामुळे तिला माहीत आहे असे समजून चालावे.

ता. क. ३. उणे पंचविसाच्या खाली मी यापुढे सायकल बाहेर काढणार नाही. हे मी तुम्हाला लिहून देतो, पण तिला सांगू नका. वचन दिले म्हणून थांबलो तर मी म्हातारा. बर्फ ऐकून स्वतः दारातून परत फिरलो तर कारागीर. असे दिवस दर हिवाळ्यात दोन-तीन येतातच, आणि एक दिवस चुकला की तो हिवाळा बाद, म्हणजे चाळीस आता कधीच पुरे व्हायचे नाहीत, हे मला कळते. एकोणचाळीस हा चांगला आकडा आहे. दुकानाच्या काचेत शोभतो.